दुपारचं दूध

१

वेचणीच्या दिवसांत मला घड्याळ लागत नव्हतं. एक वाजत आला की छाती भरून यायची. शेजारच्या ओळीत कापूस वेचणारी सखूबाई माझ्याकडे पाहून ओरडायची, "स्वीटीचं दूध उतरलं वो! चला बायाहो, भाकर खाऊन घ्या!" सगळ्या हसायच्या. मी कमरेची ओटी सोडायची, कापूस ढिगावर टाकायची आणि वस्तीकडे निघायची. मधे नाला आहे. नाल्यातून जाणाऱ्या सिमेंटच्या रपट्यावर पाय पडला की ब्लाऊज ओला व्हायचा. रोज तिथेच. पदर पुढे ओढून मी उरलेली वाट पळतच जायची.

दुर्गेश तेव्हा सात महिन्यांचा. त्याच्या आधीचं एक पोटातच गेलेलं, म्हणून याचा जीव मी सारखी चाचपत राहायची. झोपला की नाकापुढे बोट धरून पाहायची. पण खरं सांगायचं तर त्याचं माझ्याकडे होतं काय? आंघोळ सासू घालायची. मालिशही तिचीच. नाव नणंदेनं ठेवलं. तो हसला की सासू म्हणायची, "बापावर गेला." रडला की म्हणायची, "मायवर गेला." दूध तेवढं माझं एकटीचं. ते कोणाला देता येत नव्हतं आणि कोणाला घेता येत नव्हतं.

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर नागपूरहून चर्चचे लोक आले. अकरा जण, पंधरा दिवसांसाठी. आमची वस्ती अठ्ठावीस घरांची, गिरडच्या डोंगराच्या मागच्या अंगाला. हातपंपाचा ओटा फुटलेला, समाजमंदिराचे टिन उडालेले. अंगणवाडीची बाई बदलून गेली, तिच्या जागी दोन वर्षं कोणी आलं नाही. त्या लोकांचे पुढारी मधुकरराव, शाळेतून रिटायर झालेले मास्तर. पहिल्याच दिवशी माझ्या सासूनं, जयवंताबाईनं, त्यांना तोंडावर विचारलं, "देव बदलाले आले का?"

"ओटा बदलायला आलो, मावशी," ते म्हणाले आणि त्यांनी सिमेंटचं घमेलं उचललं.

लोक चांगले होते. हे मी आधीच लिहून ठेवते.

२

टिन बसल्यावर त्यांनी समाजमंदिरात लेकरांची खोली केली. वेचणीला जाणाऱ्या बायांची सहा लेकरं दिवसभर तिथे राहणार. सांभाळायला रीतादीदी. तिशीची असेल. दिसायला साधीच, पण हात मऊ, नखं स्वच्छ. माझ्या बोटांना कापसाच्या बोंडांनी चिरा पडलेल्या. मी दुर्गेशच्या गालाला हात लावला की तो मान काढून घ्यायचा.

त्यांनी नागपूरहून लोखंडी पाळणे आणले होते, वर पांढऱ्या गाद्या. पहिल्या दिवशी सहाही लेकरं रडून रडून निळी झाली. दुसऱ्या दिवशी रीतादीदीनं विचारलं, "ताई, घरी कशात झोपतात हे?" आम्ही हसलो. आमच्याकडे लेकरू मायच्या लुगड्याच्या झोळीत झोपते. लुगडं धुतलेलं चालत नाही, अंगावरून उतरवलेलं लागते. मायच्या घामाचा वास लागतो त्याला. तिनं त्याच दिवशी पाळणे बाजूला लावले, मधुकररावांकडून आढ्याला सहा कड्या मारून घेतल्या आणि प्रत्येकीकडून एकेक लुगडं मागितलं. मी माझं हिरवं दिलं.

सासू म्हणाली, "दे. पण रोज संध्याकाळी सोडून घरी आणजो. पाजणाऱ्या बाईचं लुगडं रातभर परक्या जागी टांगून ठेवत नाई. अन् रिकामी झोळी कोणाले हलवू देऊ नको."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? नाई हलवत."

झोळ्या टांगल्या आणि लेकरं झोपली. त्या दिवशी मी घ्यायला गेली तर दुर्गेश रीतादीदीच्या खांद्यावर होता. मी हात पुढे केले. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तिची मान घट्ट धरली.

"चिकटला बघा, ताई," ती हसली.

मी पण हसली. घरी जाईपर्यंत माझे दात एकमेकांवर घट्ट बसलेले होते.

चार दिवसांत ती सगळ्यांची झाली. सासू म्हाताऱ्यांशी गोंडीत बोलते. लग्नानंतरच्या तीन वर्षांत मला तिनं एक शब्द शिकवला नाही, म्हणे तुझ्या तोंडात बसत नाई. त्या दीदीला ओट्यावर बसवून शिकवत होती, आणि दीदी चुकली की दोघी टाळ्या देऊन हसत होत्या.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मला झोळी आणायला उशीर झाला. दुर्गेश घरी सासूजवळ होता. समाजमंदिराचं दार उघडं, आत रीतादीदी एकटी. बाकीच्या झोळ्या त्यांच्या मायांनी नेलेल्या. ती माझ्या झोळीपुढे बसून डोळे मिटून प्रार्थना करत होती. त्यांची रीत तशी होती, प्रत्येक लेकरासाठी त्याच्या जागेवर बसून मागायचं. "प्रभू, दुर्गेशला सांभाळ. याच्या आईची जागा कधी रिकामी ठेवू नको." आणि हातातली दोरी ती हळूहळू ओढत होती. रिकामी झोळी जात होती, येत होती.

मला बोलता आलं असतं. "दीदी, हलवू नका," एवढंच. पण मी मनात म्हटलं, सगळ्यांच्या तोंडी रीतादीदी, रीतादीदी. करू दे एकदा तरी चूक. पाहू दे सासूला.

मी तशीच मागे फिरली. झोळी तिथेच राहिली. आणि घरी गेल्यावर सासूलाही सांगितलं नाही, कारण तिनं पहिलं हेच विचारलं असतं, तू काऊन नाई थांबवलं?

३

दुसऱ्या दिवशी एक वाजला तेव्हा सखूबाईच म्हणाली, "काऊन वो, आज गाय आटली का?" मी छातीला हात लावला. हलकी होती. रपट्यावर पाय ठेवला. काही नाही. मी दोन पावलं मागे गेली आणि पुन्हा पाय ठेवला. कोरडी.

दुर्गेश झोळीत पडला होता, पोट टम्म, डोळे अर्धे मिटलेले. ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब. मी त्याला छातीला लावलं तर त्यानं तोंड फिरवलं.

"काय पाजलं याले?"

"काहीच नाही, ताई," रीतादीदी म्हणाली. "तुम्हाला विचारल्याशिवाय मी पाणीसुद्धा देत नाही."

मी त्याच्या तोंडाचा वास घेतला. डब्याच्या पावडरचा वास गोड असतो. बकरीच्या दुधाचा उग्र. हा तसा नव्हता. संध्याकाळी ब्लाऊज काढून ठेवल्यावर त्याला जो वास येतो, तो होता.

मी मनाला सांगितलं, सकाळचंच दूध वर आलं असेल. लेकरांना होते तसं. सातवीपर्यंत शिकली आहे मी, एवढं मला कळते. आणि मी आटली ती उन्हानं असेल, दगदगीनं असेल. प्रत्येक गोष्टीला कारण असते. मी दोन कारणं शोधली आणि शेतात परत गेली. पण वेचताना बोटं नुसती चालत होती.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. मग संध्याकाळीही त्यानं नीट घेतलं नाही. सासूनं मेथ्या शिजवून घातल्या. काही झालं नाही. माझ्या छातीची कातडी सैल पडली, आणि त्याचे गाल भरले. चर्चच्या लोकांनी काट्यावर सगळी लेकरं तोलली तेव्हा दुर्गेश सगळ्यांत पुढे. बाया म्हणाल्या, "रीतादीदीचा हात लागला पोट्ट्याले."

मी तिथेच उभी होती. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

४

मी भांडली. शुक्रवार होता. सगळ्यांसमोर नको म्हणून तिला समाजमंदिराच्या मागे बोलावलं.

"तुमाले लेकरू नाई, म्हणून माझं घेता का?"

तिचं तोंड उतरलं. नंतर सखूबाईनं सांगितलं, की नऊ वर्षं झाली लग्नाला आणि काही नाही. तेव्हा मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी बोललीच असती.

"ताई, तुम्ही काय म्हणता मला समजत नाही," ती म्हणाली. "मी घेतलं काय तुमचं?"

"दुपारी याले कोण पाजते? लाज नाई वाटत? सुकी छाती चोखू देता का त्याले?"

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती कोड्यात पडलेली दिसत होती.

"तुम्हीच पाजता ना," ती म्हणाली.

"मी?"

"साडेबाराला. रोज येता तुम्ही. मी तेव्हा हातपंपावर दुपटी धुवायला जाते. परत येते तर आतून तुमचा आवाज येतो. त्याला काहीतरी म्हणून दाखवता. मी मुद्दाम आत येत नाही, ताई. तुमच्या दोघांचा तेवढाच वेळ असतो, म्हणून बाहेर पायरीवर बसते. खोटं नाही सांगत. मला ऐकवत नाही ते. हेवा वाटतो मला तुमचा. मग एक वाजता तुम्ही पुन्हा येता, तेव्हा वाटते, काही विसरलं असेल."

साडेबाराला मी, ज्यांचा कापूस आम्ही वेचतो त्या प्रभाकररावांच्या वावरात असते. वीस बाया मला पाहतात.

"काय म्हणतो मी त्याले?" मी विचारलं. "काय म्हणून दाखवतो?"

"शब्द नाही समजत. पण गाता छान."

मला गाता येत नाही. मी दुर्गेशला कधीच गाऊन झोपवलं नाही.

५

शनिवारी सव्वाबाराला मी ओटी तिथेच सोडली. सखूबाई म्हणाली, "कुठं वो?" मी वस्तीची वाट धरली.

शेतातली वाट समाजमंदिराच्या मागून येते. मागच्या भिंतीला एक खिडकी आहे, गजांची. लांबूनच मला हातपंपावर रीतादीदी दिसली. नव्या ओट्यावर उकिडवी बसून दुपटी आपटत होती. बादली, साबण, सगळं दिसत होतं. मला वाटलं, चला, खोटी पडली. आत कोणी नसेल. मला आनंद झाला, हेही लिहिते.

मग गाणं ऐकू आलं.

मी खिडकीला डोळा लावला. उन्हातून पाहिल्यामुळे आधी काळोखच दिसला. मग पाच झोळ्या. सहावी कडी रिकामी. तिच्याखाली फरशीवर एक बाई बसलेली, माझ्याकडे पाठ करून. एक पाय मुडपलेला, एक लांब. मी तशीच बसते, पहिल्या बाळंतपणानंतर मला दुसऱ्या रीतीनं बसता येत नाही. अंगावर हिरवं लुगडं. अंबाड्यात बोंडाचं वाळलेलं पातं अडकलेलं. मी माझ्या अंबाड्याला हात लावला. माझ्याही होतं.

दुर्गेश पीत होता. घोटाघोटाचा आवाज येत होता. त्याचा एक हात तिच्या मानेमागे, काळ्या मण्यांच्या पोतीत बोट घालून फिरवत होता. माझ्याजवळ असला की तो असंच करतो. करायचा.

मग त्यानं तोंड सोडलं आणि तिच्या खांद्यावरून पाहिलं. मला पाहिलं. मी हसली. त्याचा खालचा ओठ थरथरला. अनोळखी माणूस घरात आलं की लेकरू जसं पाहते, तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि रडायला लागला.

ती वळली नाही. गाणं थांबलं. तिनं फक्त पदर ओढून त्याचं तोंड झाकलं, वाटेत वाईट नजरेची बाई आली की मी झाकते तसं. आणि पाठमोरी तशीच बसून राहिली, मी जायची वाट पाहत.

मी धावत पुढच्या दाराला गेली. वीस पावलं असतील. आत पाच लेकरं झोपलेली. सहाव्या कडीला झोळी, तिच्यात दुर्गेश, तोंडावर लुगड्याचा पदर. झोळी हलत होती. मी खाली बसली आणि फरशीला हात लावला. एका जागी फरशी गरम होती.

६

मी त्याला झोळीसकट घरी आणलं. सासूला सगळं सांगितलं, रिकाम्या झोळीचंही. तिनं हिरवं लुगडं घेतलं आणि चुलीत घातलं. ओलं नव्हतं, तरी फार वेळ धुपत राहिलं.

सोमवारी चर्चचे लोक गेले. ओटा झाला होता, टिन झाले होते, हातपंपाला पाणी होतं. सगळी वस्ती टेम्पोजवळ जमली. मधुकररावांनी समाजमंदिराची चावी सासूच्या हातात दिली. "लेकरांची खोली बंद पडू देऊ नका, मावशी." रीतादीदी माझ्याजवळ आली, पण दुर्गेशला तिनं हात लावला नाही.

"मी त्याच्यासाठी प्रार्थना करत राहीन," ती म्हणाली.

"नका करू," मी म्हटलं. "दीदी, तुमच्या पाया पडतो, त्याचं नाव घेऊ नका."

ती रडत टेम्पोत बसली. मला तिची कीव आली नाही. तिच्यासाठी लेकरू रडत होतं आणि मी घेतलं की ताठ होत होतं.

लुगडं जळालं तेव्हापासून त्यानं घोटभर पाणीच घेतलं होतं, त्या दिवसापासून तेही नाही. माझ्याजवळ दूध नव्हतंच. बकरीचं दूध ओठाला लावलं की थुंकायचा. पावडरचं, चमच्यानं, कापसाच्या बोळ्यानं, सगळं करून पाहिलं. नर्सबाईनं तपासलं आणि म्हणाली, ताप नाही, काही नाही, हट्ट करून राह्यला. दवाखान्यात सलाईन लावली. त्यानं तरतरी आली, घरी आणलं की पुन्हा तसंच. माझा नवरा मुकेश हिंगणघाटला जिनिंगवर कामाला आहे. फोनवर ओरडला, "एका पोट्ट्याले दूध पाजता येत नाई का तुले?"

तिसऱ्या दिवशी दुर्गेशची टाळू आत गेली. रडायचा तर आवाज निघत नव्हता. सासू त्याच्याकडे पाहायची आणि बाहेर जाऊन बसायची. मी त्याच्या नाकापुढे बोट धरून होती. सोडतच नव्हती.

साडेबारा वाजले असतील. तीन दिवसांत ज्यानं मान उचलली नव्हती, त्यानं उचलली. समाजमंदिराच्या बाजूला डोळे फिरवले आणि ओठ हलवायला लागला. चोखतो तसे. समोर काहीच नव्हतं.

सासूनं ते पाहिलं. मीही पाहिलं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही. तिनं कनवटीची चावी काढून माझ्यापुढे ठेवली.

"आत्याबाई," मी म्हटलं, "ते काय आहे?"

"मले काय मालूम, माय," ती म्हणाली. "पोट्टं पाह्य. दुसरं काही पाहू नको."

मी दुसरं लुगडं नेसली. अंगावरचं, घामाचं, बरोबर घेतलं. समाजमंदिर उघडलं, सहाव्या कडीला झोळी बांधली. दुर्गेशला खाली दुपट्यावर ठेवलं. मग रिकामी झोळी माझ्याच हातानं हलवली. एकदा. दोनदा. बाहेर आली आणि दार ओढून घेतलं.

पायरीवर बसली. आधी काही नाही. मग घोटाघोटाचा आवाज.

७

याला चार महिने झाले. वेचणी संपली. लेकरांची खोली पुन्हा कोणी चालवली नाही, चावी आमच्याच घरी आहे. दुर्गेश आता धरून उभा राहतो. दोन दात आले. सगळ्या वस्तीत त्याच्यासारखं अंगानं भरलेलं लेकरू नाही. सखूबाई म्हणते, "काय घालतं वो याले?" मी म्हणते, दूध.

रोज साडेबाराला नेते. पायरीवर पाठ करून बसते. एकदा फटीतून पाहायला गेली, तर त्या दिवशी तो उपाशीच परत आला आणि रात्रभर तडफडला. तेव्हापासून पाहत नाही. ऐकते. आत तो हसतो. घरी तसा हसत नाही. तीन दिवसांखाली तो आतून "आई" म्हणाला. पहिला शब्द त्याचा. घरी मी त्याला मांडीवर घेऊन किती वेळ सांगितलं, म्हण, आई म्हण. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि मग दाराकडे.

मी रोज ठरवते, उद्या नेणार नाही. मग रात्री त्याच्या नाकापुढे बोट धरते.

ती इतके दिवस माझ्याशी कधी बोलली नव्हती. काल बोलली. पिण्याचा आवाज थांबला आणि आतून हाक आली. आवाज माझाच होता, फक्त मोकळा, दमलेला नाही. घरात कामाला ठेवलेल्या बाईशी बोलावं तसा.

"झालं वो त्याचं. घेऊन जाय. अन् उद्यापासून जरा लवकर आणत जाय, ताटकळते पोट्टं."

मी पायरीवरून उठली. चपला बाहेर काढल्या. डोक्यावरून पदर घेतला. दार नुसतं लोटलेलं होतं, माझ्याच हातानं लोटलेलं, तरी मला ते ढकलवेना.

"येऊ का?" मी विचारलं.